यतीम शहजादी आणि सोलापूरचा किल्ला

आपल्या घरांतून कादंबरी आवडीने वाचली जाते. उर्दू वाचणाऱ्या घरांत डायजेस्टमधल्या किस्तवार कथा आणि मराठी वाचणाऱ्या घरांत ग्रंथालयातून आणलेली ऐतिहासिक कादंबरी दुपारच्या निवांत वेळी अम्मी, खाला, फुफी यांच्या हातात असते. या कथांतली एक कथा सर्वांच्या ओळखीची आहे. एक अनाथ मुलगी परक्याच्या घरी वाढते. तिच्याजवळ आईची एखादी अंगठी किंवा एखादा जुना कागद असतो. त्याच्या आधाराने ती आपले घराणे शोधत निघते. वाटेत तिला एक उमदा तरुण भेटतो, शेवटी हवेलीचे दार उघडते, निकाह होतो आणि पुस्तक मिटते.

आम्हांला या कथांबद्दल तक्रार नाही. पण एक प्रश्न मात्र पडतो. त्या मुलीला नवरा मिळाला, हे कादंबरी सांगते. तिचा वारसा तिला मिळाला का, हे ती सांगत नाही. निकाह झाला म्हणजे सगळे मिळाले, असे लेखकही धरून चालतो आणि वाचकही. हा समज कादंबरीपुरता असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. तो आपल्या घराघरांत आहे, म्हणून हा लेख.

यासाठी लखनौ किंवा दिल्लीची हवेली शोधायला नको. शुक्रवार पेठेतून आपला भुईकोट किल्ला काही लांब नाही. त्याच्या दुहेरी तटाचा इतिहास पाहिला तर त्यात तीन शहजाद्यांची नावे येतात, आणि त्यांतली शेवटची खरोखरच यतीम होती.

लेकीच्या लग्नात दिलेला किल्ला

विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सरहद्दीवर सोलापूर होते. दोघांनाही ते हवे होते. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशाहाने आपली बहीण मरियम हिचे लग्न बुऱ्हाण निजामशाहाशी लावून दिले. लग्नात सोलापूरचा किल्ला आणि त्यासोबतचे साडेपाच परगणे देण्याचे वचन दिले गेले. लग्न झाले, वचन पाळले गेले नाही. मग मेहुण्या-मेहुण्यांत लढाया सुरू झाल्या. त्या पुढे अनेक वर्षे चालल्या आणि १५५२ च्या सुमारास किल्ला निजामशाहाच्या हाती गेला.

दुसरी शहजादी चांदबीबी. तिला सगळे ओळखतात. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची ही लेक. विजयनगरविरुद्ध एकजूट करण्यासाठी सुलतानांनी आपसांत सोयरिकी केल्या, तेव्हा १५६४ च्या सुमारास तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी (पहिला) झाले. ती जेमतेम चौदा वर्षांची होती. या वेळी सोलापूरचा किल्ला उलट बाजूने, म्हणजे अहमदनगरकडून विजापूरला जहेज म्हणून गेला.

म्हणजे चाळीस वर्षांत दोन लेकींच्या लग्नात हाच किल्ला देण्याघेण्यात आला. पण मरियमला किंवा चांदबीबीला या किल्ल्याचा एक रुपया मिळाला, असे कुठेही नाही. किल्ला घेतला तो नवऱ्याच्या राज्याने, दिला तो बापाच्या किंवा भावाच्या राज्याने. लेकीचे नाव फक्त कागदावर आले. जहेज म्हणजे लेकीला दिलेले असे आपण म्हणतो. सोलापूरचा किल्ला सांगतो की जहेज बहुतेक वेळा एका घरातल्या पुरुषांनी दुसऱ्या घरातल्या पुरुषांना दिलेले असते.

पादशाह बीबी

आता तिसरी. तिचे नाव शहरबानू. विजापुरात तिला प्रेमाने पादशाह बीबी म्हणत. गोलघुमट बांधणारा मुहंमद आदिलशाह हा तिचा आजा आणि अली आदिलशाह (दुसरा) हा तिचा बाप. विजापूरला सहलीला गेलेल्या प्रत्येक सोलापूरकराने गोलघुमट पाहिलेला असतो. बारा कमान मात्र पुष्कळजण लांबूनच पाहून परततात. ती अर्धवट राहिलेली उंच कमानींची वास्तू म्हणजे या अली आदिलशाहाची कबर.

या घराण्याचा आणि वंशाच्या गोष्टींचा संबंध जुना. घराण्याचा मूळ पुरुष यूसुफ आदिलखान हा तुर्की सुलतानाचा मुलगा होता, भावाच्या हातून मारला जाऊ नये म्हणून आईने त्याला लहानपणीच एका व्यापाऱ्याच्या स्वाधीन केले आणि तो फिरत फिरत दख्खनला आला, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. आजचे अभ्यासक ती खरी मानत नाहीत. पण आईबापांपासून तुटलेल्या मुलाची कथा या घराण्याने अभिमानाने जपली.

पुढे हीच गोष्ट त्यांच्यावर उलटली. १६५६ मध्ये मुहंमद आदिलशाह वारला आणि अली तख्तावर आला. तेव्हा दख्खनचा सुभेदार असलेल्या शहजादा औरंगजेबाने असा मुद्दा काढला की हा अली मुहंमद आदिलशाहाचा खरा मुलगाच नाही, राणीवशात वाढवलेला कुणा अनोळखी माणसाचा पोर आहे. या कारणावरून १६५७ मध्ये मोगल फौज विजापूरवर चालून आली. पुढे १६६८ च्या तहात अलीने सोलापूरचा किल्ला आणि वर्षाला १,८०,००० होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना दिला. दोन शहजाद्यांच्या लग्नात फिरलेला किल्ला आता कायमचा हातातून गेला.

नोव्हेंबर १६७२ मध्ये अली वारला. मागे मुलगा सिकंदर, वय अवघे चार वर्षे, आणि लेक शहरबानू. दोघेही यतीम.

यतीमाच्या घरात जे होते ते सगळे विजापुरात झाले. मुलगा लहान, म्हणून कारभार पाहण्यासाठी वली हवा. आधी खवासखान आला. त्याला बहलोलखानाने दूर केले. बहलोलखान मेल्यावर सिद्दी मसूद आला. दख्खनी सरदार आणि अफगाण सरदार यांच्यात तट पडले, फौजेचा पगार थकला, मुलूख तुटत गेला. प्रत्येकजण मुलाच्या नावाने राज्य करत होता आणि मुलाचेच राज्य खात होता. सिद्दी मसूदाने कारभार हाती घेताना मोगल सरदार दिलेरखानाशी जो करार केला, त्यात एक कलम असे होते की शहरबानूला मोगल घराण्यात लग्नासाठी पाठवावे. यतीम मुलीच्या लग्नाचा निर्णय असा झाला. तिचे मन कुणी विचारले नाही.

१६७९ मध्ये दिलेरखानाने तिची मागणी लावून धरली. त्या वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांवर रुसून आलेले संभाजीराजेही त्याच्या छावणीत होते. विजापूरच्या दरबारात मुलीला पाठवावे की नाही यावर दोन पक्ष झाले आणि शहरात हत्यारे उपसण्याची वेळ आली. पुढचा प्रसंग जदुनाथ सरकार यांनी औरंगजेबाच्या इतिहासात सांगितला आहे. विशीच्या आतली ही मुलगी स्वतः पुढे आली. भाऊ आणि शहर वाचत असेल तर मी जाते, असे तिने ठरवले. १ जुलै १६७९ रोजी तिने जन्मगाव सोडले. शहर रडत होते.

ती गेली, पण वेढा उठला नाही. मुलगी हाती आल्यावरही दिलेरखान विजापूरवर चालून आलाच. शेवटी सिद्दी मसूदाने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली. महाराजांनी फौज आणि धान्य पाठवले, मोगली मुलखात स्वाऱ्या केल्या, आणि नोव्हेंबरात दिलेरखान मागे हटला. शहजादीच्या त्यागाने जे झाले नाही ते मराठ्यांच्या मदतीने झाले, हे आपण लक्षात ठेवावे.

१६८१ च्या जुलैत तिचे लग्न औरंगजेबाचा मुलगा आज़म याच्याशी झाले. ज्या बापाच्या वंशावर शंका घेतली होती, त्याचीच लेक शाही वंशाची म्हणून सून करून घेतली गेली. कादंबरी असती तर इथे संपली असती.

निकाहानंतर

चार वर्षांनी, १६८५ मध्ये, मोगलांनी विजापूरला शेवटचा वेढा घातला. त्या वेढ्याचा सेनापती होता शहरबानूचा नवरा आज़म. बादशहा औरंगजेब स्वतः अहमदनगरहून येऊन आपल्या सोलापुरात मुक्काम करून होता. इथूनच भीमेपलीकडे रसद आणि हुकूम जात होते. जूनमध्ये, १६८६ साली, तो सोलापुरातून निघाला आणि १२ सप्टेंबर रोजी सिकंदराने शरणागती पत्करली. शहरबानूचा यतीम भाऊ तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याला खान ही पदवी आणि वर्षाला एक लाख रुपये तनखा मिळाला, आणि उरलेले आयुष्य कैदेत गेले. ३ एप्रिल १७०० रोजी साताऱ्याजवळच्या छावणीत तो वारला. त्याला विजापुरात त्याच्या पीराच्या पायथ्याशी, उघड्या आवारात दफन केले. आज्याचा घुमट जगात गाजला, आणि नातवाच्या कबरीवर छतसुद्धा नाही.

शहरबानू १७०७ मध्ये तीन महिने हिंदुस्थानची मलिका झाली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर आज़म अहमदनगरला तख्तावर बसला आणि जूनमध्ये भावाशी लढताना आग्र्याजवळ जाजऊ येथे मारला गेला. माहेर आधीच गेले होते, आता सासरही गेले.

कुणी म्हणेल, राज्य काही घरची मालमत्ता नव्हे, सल्तनतीत मुलीचा वाटा कसला? बरोबर आहे. आम्ही राज्याच्या वाट्याबद्दल बोलत नाही. यतीम मुलीच्या नावाने सौदा झाला, तो सौदा करणाऱ्या वलींना तिला हिशेब द्यावा लागला नाही, आणि लग्न लावून दिले की आपले काम संपले असे सर्वांनी मानले, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे. कारण राज्य गेले तरी ही रीत राहिली आहे.

मदिन्यातल्या दोन मुली

या रीतीला इस्लामने फार आधी उत्तर दिले होते. उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींच्या चाचाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. आई दोन्ही मुलींना घेऊन पैगंबर (स.) यांच्याकडे आली आणि तिने गाऱ्हाणे मांडले. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आहे. सूरह निसामधल्या वारशाच्या आयती आल्या आणि पैगंबरांनी (स.) चाचाला बोलावून हुकूम दिला: दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला, उरेल ते तुझे.

हिशेब करून पाहा. मालमत्तेचे २४ भाग केले तर १६ भाग मुलींचे, ३ आईचे आणि ५ चाचाचे. ज्या चाचाने चोवीसचे चोवीस भाग उचलले होते, त्याला एकोणीस परत करावे लागले. या निकालात मुलींच्या लग्नाचा विषयच नाही. लग्न मी लावून देईन, असे म्हणून चाचाला मालमत्ता ठेवता आली नाही.

त्याच सूरहमध्ये यतीमांचा माल त्यांना परत करण्याची, चांगल्याच्या बदल्यात वाईट न देण्याची आणि माल परत करताना साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. यतीमाचा माल खाणारा पोटात आग भरतो, असेही तिथे सांगितले आहे. सूरह अहजाबमध्ये सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारण्याचा आदेश आहे. यतीमाला घरात घ्या, पोटच्या पोरासारखे वाढवा, पण त्याचा वंश पुसू नका, हा त्याचा अर्थ. म्हणजे यतीम मुलीचा वारसा तीन गोष्टींचा असतो: बापाचे नाव, मालाचा हिशेब आणि तिचा वाटा.

आपल्या घरात

आता या तीन गोष्टी आपल्या शहरात, आपल्या घरात लावून पाहू.

पहिली गोष्ट नावाची. मामू किंवा चाचा यतीम मुलीला सांभाळतात, हे मोठे सवाबाचे काम आहे. पण शाळेत घालताना मुलीला वाईट वाटू नये म्हणून बापाच्या जागी आपलेच नाव लावतात. मायेने केलेली ही गोष्ट पुढे तिच्या मुळावर येते. वारस नोंदीच्या वेळी ती आपल्या मरहूम अब्बांची मुलगी आहे हेच सिद्ध होत नाही. तेव्हा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांत खऱ्या बापाचे नाव असू द्यावे. अब्बांचा मृत्यूदाखला, अम्मी-अब्बांचा निकाहनामा, जुने रेशनकार्ड एका पिशवीत जपून ठेवावे. मुलगी समजती झाली की तिला तिचे ददिहाल, ननिहाल, दादा-दादींची नावे आणि गाव सांगावे. कादंबरीतल्या मुलीला अंगठीवरून घराणे शोधावे लागते. आपल्या मुलीवर ती वेळ का यावी?

दुसरी गोष्ट हिशेबाची. घर मुलीच्या अब्बांच्या नावावर असेल तर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि शेती असेल तर सातबाऱ्यावर तिचे नाव लागले पाहिजे, मग ती चार वर्षांची का असेना. अज्ञान मुलाचे नाव पालनकर्त्यासह लावतात आणि सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असा शेरा येतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तलाठ्याकडे अर्ज करून तो शेरा काढून घ्यावा लागतो. पुष्कळ मुलींचे लग्न होऊन मुले मोठी होतात, तरी शेरा तसाच असतो.

इथे एक महत्त्वाची बाब सर्वांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडे लागू असलेल्या मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा वली म्हणजे बाप किंवा बापाने वसियतीने नेमलेला माणूस, आणि त्यांच्यानंतर दादा किंवा दादाने नेमलेला माणूस. आई, मोठा भाऊ, चाचा, मामू यांना मुलीची जागा विकण्याचा अधिकार आपोआप येत नाही. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आणि आपली न्यायालये ते मानत आली आहेत. असा वली नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि अशा पालकालाही स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. यतीमाची जागा घेणाऱ्यानेही हे तपासावे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली अशी जागा हरामही ठरते आणि कोर्टातही टिकत नाही.

तिसरी गोष्ट वाट्याची. एक उदाहरण घेऊ. एका माणसाचे घर २४ लाखांचे आहे. तो वारला. आईबाप आधीच गेलेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. कर्ज आणि बायकोचा राहिलेला मेहर आधी फेडायचा. ते काही नाही असे धरले तर बायकोला ३ लाख, मुलाला १४ लाख आणि मुलीला ७ लाख. मुलीच्या लग्नात भावाने कितीही खर्च केला, फ्रिज दिला, कपाट दिले, जेवणावळ घातली, तरी त्या सात लाखांतून तो वजा होत नाही. तो भावाने आपल्या खुशीने केलेला खर्च आहे. वाटा अल्लाहने ठरवलेला आहे.

तरीही लग्नाच्या धामधुमीत किंवा लगेच नंतर हक्कसोडपत्रावर मुलीची सही घेतली जाते. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती तिला असते. जिच्या डोक्यावर बापाचा हात नाही, तिला ही भीती दुप्पट असते. भीतीने दिलेली सही खुशी नव्हे. मुलीला वाटा सोडायचाच असेल तर आधी तो तिच्या नावावर, तिच्या हातात येऊ द्या. मग तिने भावाला द्यायचा तर द्यावा.

आणखी एक दुखरी जागा आहे. बाप दादाच्या आधी वारला आणि दादाला दुसरे मुलगे असले, तर वारशाच्या प्रचलित नियमाप्रमाणे यतीम नातवंडांना दादाच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. पण दादाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते, आणि हयातीत हिबा करून ताबाही देता येतो. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी वसियत सक्तीची मानणारा कायदा केला, पाकिस्तानने १९६१ मध्ये त्यांना मृत बापाचा वाटा दिला. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून जबाबदारी दादांवर आहे. ज्या घरात यतीम नात आहे, तिथल्या बुजुर्गांनी हा कागद उद्यावर टाकू नये.

भगिनींनो, ऐतिहासिक कादंबऱ्या जरूर वाचा. शहरबानूची गोष्टही कुणी तरी मराठीत लिहावी, अशी आमची इच्छा आहे. तिच्या धैर्याचे कौतुक व्हावे, आणि तिला त्या धैर्याची वेळ कुणी आणली हेही लिहिले जावे. भावाबहिणींना सांभाळण्यासाठी नेमलेले तीन-तीन कारभारी असताना सगळे ओझे एका पोरीवर पडले, ही त्या गोष्टीची खरी शिकवण आहे.

आपल्या घराण्यात, शेजारात, मोहल्ल्यात एखादी यतीम मुलगी असेल. ईदला तिला नवा जोडा आपण देतोच. या वेळी घरातल्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून तिच्या अब्बांचे कागद काढावेत, उताऱ्यावर तिचे नाव आहे का पाहावे, नसेल तर वारस नोंदीचा अर्ज लिहावा आणि तिची रक्कम तिच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. त्या कागदावर दोघांची साक्ष घ्यावी. पुढे तिच्यासाठी स्थळ बघायला पाहुणे येतील, तेव्हा तिच्या नावावर काय आहे हे तिला स्वतःला माहीत असेल.